एकाच तोटीचं पाणी

घोटावड्याच्या पुढे खडीच्या खाणीकडे एक कच्चा रस्ता वळतो. त्या वळणावर एका शेतकऱ्याची पडीक जमीन आहे. दोन वर्षं सलग पाऊस गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथं पालं पडली. आधी चार, मग दहा, मग मोजायचं राहूनच गेलं. बहुतेक माणसं मराठवाड्यातली. जनावरं विकून किंवा गमावून आलेली. कुणी कारखान्यात पॅकिंगला लागलं, कुणी बांधकामावर गेलं, आणि ज्यांच्या अंगात कामाचं बळ नव्हतं ते दिवसभर ताडपत्रीच्या सावलीत बसून राहिले.

जमीनमालकाला आम्ही मामा म्हणायचो. साठी उलटलेला, बोलायला रोखठोक माणूस. बाकीची जमीन त्याने विकली होती, रस्त्याकडेला भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, हा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. लोकांना राहू देताना त्याने एवढंच सांगितलं होतं, "ऱ्हावा. पर भांडणं करायची न्हाईत. भांडणं झाली का मी सगळ्यांनाच उठवणार, कुणाचं ऐकून घेणार न्हाई."

मी मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि हिंजवडीच्या एका कंपनीत काम करते. मूळची मी त्याच दुष्काळी पट्ट्यातली. नोकरीला लागल्यापासून माझी भाषा बदलली, इतकी की गावाकडून फोन आला तरी आधी दोन मिनिटं मी पुस्तकातल्यासारखी बोलते. आमच्या सोसायटीतल्या काही जणांनी मिळून मदतीचं काम सुरू केलं होतं. एक निवृत्त मुख्याध्यापक ते सगळं बघायचे; त्यांना आम्ही सर म्हणायचो. दर रविवारी तांदूळ, डाळ, तेल, साबण घेऊन आम्ही पालांवर जायचो. पहिल्याच रविवारी सरांनी माझ्या हातात वही दिली. "तुम्ही त्यांच्याकडच्या आहात. तुम्हाला ते नीट सांगतील."

तसंच झालं. नाव, गाव, घरात किती माणसं, कुणाला औषध लागतं का, हे मी विचारायचे आणि विचारता विचारता माझ्या तोंडात जुनी बोली परत यायची. बायका हसायच्या. "ताई, तुमी तर आमच्यातल्याच की," म्हणायच्या. मला ते फार आवडायचं. आठवडाभर ऑफिसात जे मिळत नव्हतं ते मला तिथं मिळत होतं, हे आज लिहून टाकायला हरकत नाही.

खाणीच्या बाजूच्या शेवटच्या पालात सासू, सून आणि सुनेची दहा वर्षांची मुलगी अशी तिघीजणी राहायच्या. सून कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला जायची, मुलगी गावातल्या शाळेत. म्हातारी दिवसभर एकटी. बारीक चणीची, कपाळावर गोंदलेलं, हात सतत कशात तरी गुंतलेले. मी गेले की स्वतः जमिनीवर सरकून मला पोत्यावर बसवायची. चौथ्या-पाचव्या भेटीत सुनेने मला सगळं सांगितलं, तेही चुलीवर भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या गावात आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. टँकर विहिरीत रिकामा करायचे आणि मग अख्खं गाव विहिरीवर तुटून पडायचं. एक दिवस नंबरावरून वाद झाला. समोरचे लोकही परके नव्हते, भावकीतलेच, दोन घरं सोडून राहणारे. शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, आणि त्या घरातल्या मुलाने हातातला लोखंडी पाइप फिरवला. तो हिच्या नवऱ्याच्या डोक्याला लागला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला. पाइप मारणारा मुलगा तुरुंगात गेला. तेराव्याच्या आत गावातल्या लोकांनी त्या मुलाचं घर पेटवून दिलं.

"मग तुमी का निघालात?" मी विचारलं.

"त्या हिरीकडं बघवंना," ती म्हणाली. "आन पानी तर तिथंच भरायचं."

त्यानंतर दीडेक महिन्याने, एका रविवारी, पालांवर नवं कुटुंब आलेलं दिसलं. पन्नाशीची एक बाई आणि तिचा अर्धांगवायू झालेला नवरा. सामान म्हणजे दोन बोचकी आणि एक स्टीलचा हंडा. चार-पाच ठिकाणी राहून, प्रत्येक ठिकाणाहून उठवल्यावर, इथं मदत मिळते असं ऐकून ती आली होती. मी वही उघडली. गाव विचारलं. तिने गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी मान वर करून म्हणाले, "अहो, तुमच्या गावचे आहेत की इथं. त्या तिकडच्या शेवटच्या पालात."

तिने तिकडे पाहिलं. म्हातारी पालाबाहेर बसून तांदूळ निवडत होती. बाईच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. तिने पदर पुढे ओढला आणि हळूच विचारलं, "ताई, दुसरीकडं कुटं आसंल का, असंच, ऱ्हायला?"

तेव्हा मला कळलं ती कोण होती.

दुसरीकडे नव्हतं. मी दोन-तीन ठिकाणी फोन केले, सरांनीही केले. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासकट तिला कोण ठेवून घेणार होतं? आम्ही तिला रस्त्याच्या बाजूचं, पहिलं पाल बांधून दिलं. दोन्ही पालांमध्ये सगळी वस्ती होती. मला वाटलं, एवढं अंतर पुरेल.

पाण्याचा प्रश्न तोवर सुटत आला होता. आम्ही एक मोठी काळी टाकी आणून बसवली होती, तिला खाली एकच तोटी. एक दिवसाआड टँकर येऊन ती भरायचा. टाकी वस्तीच्या मधोमध होती, म्हणजे दोन्ही घरांना एकाच तोटीवर यावं लागणार होतं.

सून मला भेटायला आमच्या गाडीपर्यंत चालत आली. "ताई, तिला इथनं हलवा."

मी तिला समजावू लागले. म्हणाले, "जे केलं ते तिच्या मुलानं केलं. तिनं नाही ना केलं."

"तिनं न्हाई केलं," ती म्हणाली. "पर तिचाच हंडा पुढं लावायचा म्हनून झालं ते. तोच हंडा घिऊन आलीय ती. माझी सासू रोज बघती त्यो."

 आमच्या मदत समितीत बोलते, एवढं मी म्हणाले.

समितीच्या बैठकीत विषय निघाला. कुणीतरी सुचवलं, खाणीच्या बाजूला दुसरी छोटी टाकी बसवू, प्रश्न मिटेल. सर माझ्याकडे बघत होते, कारण तिथल्या माणसांबद्दल शेवटचा शब्द माझा असायचा. आणि मी नको म्हणाले.

नुसतं नको म्हणाले नाही, चांगली पाच मिनिटं बोलले. माझ्या लहानपणी आमच्या गावात पाणी भरायच्या जागा वेगळ्या होत्या. कुणी कुठल्या आडावर जायचं नाही, हे आम्हा पोरींनाही चालता येऊ लागल्यापासून ठाऊक असायचं. माझी एक मैत्रीण होती, तिच्या घागरीत वरून पाणी ओतलं जायचं, तिने दोराला हात लावायचा नाही. ते मी बैठकीत सांगितलं. म्हणाले, आज आपण दोन टाक्या बसवल्या तर उद्या तीन लागतील. पाण्याची वाटणी आपल्या हातून होता कामा नये. एका तोटीवर उभं राहता राहताच माणसं पुन्हा बोलायला लागतील.   सर म्हणाले, "यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही." दुसरी टाकी रद्द झाली.

मी मनापासून बोलले होते. अजूनही त्यातल्या एका शब्दाचीही मला लाज वाटत नाही. पण ज्या दोघींसाठी मी ते बोलले, त्यांची गोष्ट माझ्या गावातल्या आडांची नव्हती. ती एका मेलेल्या माणसाची होती. हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या रविवारी मला म्हातारी खाणीच्या उतारावर दिसली. डोक्यावर कळशी, एक हात कळशीला आणि एक हात दगडांना. खाणीत पावसाळ्याचं पाणी साचून राहिलेलं होतं, हिरवट, तळाला गेलेलं. खडीचे ट्रक तिथंच धुतले जायचे. मी धावत जाऊन तिच्या डोक्यावरची कळशी उतरवली.

"आजी, हे पाणी पिता तुम्ही?"

"भांड्याला घेते," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून खोटं बोलणं तिला नको वाटलं असावं. "पेते बी थोडं. पोर शाळेत पेती, सून कारखान्यात पेती. म्या एकटीच ऱ्हाते. मला किती लागतं."

"टाकीवर का जात नाही?"

"तिथं ती आसती."

"तुम्ही वेगळ्या वेळी जा. मी तिला सांगते."

 "माय, माजा लेक पान्यापायी गेला. मला त्या बाईच्या मागं नंबर लावाया सांगू नको."

मी तिला पाणी शुद्ध करायच्या थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या, किती थेंब टाकायचे ते दोनदा सांगितलं. कळशी तिच्या पालापर्यंत नेऊन दिली. आणि हे कुणाला सांगितलं नाही. सरांना सांगितलं असतं तर माझं बैठकीतलं बोलणं चुकलं हे कबूल करावं लागलं असतं. मामाला सांगितलं असतं तर त्याने भांडण आहे म्हणून दोन्ही घरांना उठवलं असतं. मी स्वतःला हे दुसरं कारण दिलं. खरं कारण पहिलं होतं.

मेच्या मध्यावर, एका गुरुवारी दुपारी, मामाचा फोन आला. मी ऑफिसात बैठकीत होते. फोन कट केला. पुन्हा आला. बाहेर येऊन घेतला.

"मॅडम, ती शेवटच्या पालातली म्हातारी लई आजारी हाय. सकाळधरनं जुलाब चाललेत. सून कामावर गेलीया. तुमी येताय का मी नेऊ?"

"तुम्ही न्या मामा, मी तिकडेच येते."

"व्हय. निगतोच."

त्याने आपल्या पिकअपमध्ये मागे गोधडी अंथरून तिला पौडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी पोचेपर्यंत सलाइन लागलं होतं. तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, फार मायेने वागत होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अंगातलं पाणी पार संपलंय, वय झालंय, लघवी होत नाहीये. प्रयत्न चालू आहेत पण तुम्ही तयारीत राहा.

म्हातारीचे डोळे आत गेले होते. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी शेजारी स्टुलावर बसले तशी तिने माझा हात चाचपला.

"सुनेला कळवलं का?"

"कळवलंय. येतेय ती."

"तुला ठावं होतं. म्या खाणीवर जाते ते."

"हो."

"कुनाला बोलली न्हाईस." तिला धाप लागत होती. "बरं केलंस. बोलली असतीस तर उटवलं असतं आमाला. पोरीची शाळा गेली असती."

ती माझे आभार मानत होती. मी तो हात सोडला नाही, पण तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मला सांगायचं होतं की आजी, मी तुमच्यासाठी गप्प बसले नव्हते. ते मी सांगितलं नाही. थोड्या वेळाने सून आली, कँटीनचा ओला पदर तसाच खोचलेला. मी उठून तिला स्टूल दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला म्हातारी गेली.

मामाच्याच पिकअपमधून तिला पालांवर आणलं. बायका जमल्या. आंघोळ घालायची होती, आणि पाणी नव्हतं. आदल्या दिवशी टँकर आला नव्हता, टाकी कोरडी पडली होती, ज्याच्या त्याच्याकडे तांब्या-दोन तांबे उरलेले. सुनेच्या पालात एक कळशी भरलेली होती, खाणीच्या पाण्याची. कुणीतरी ती उचलली. मी म्हणाले, "ते नको." इतक्या जोरात म्हणाले की बाईने ती जागेवरच ठेवली.

मी मामाकडून दोन बादल्या घेतल्या आणि पाणी शोधायला निघाले. रस्त्याच्या बाजूच्या पहिल्या पालापाशी ती उभी होती. बहुधा बराच वेळ उभी असावी. तिने मला हाताने आत बोलावलं. आत नवरा भिंतीसारख्या लावलेल्या पत्र्याकडे तोंड करून पडला होता. कोपऱ्यात तिचा हंडा होता, काठोकाठ भरलेला, वर फडकं बांधलेलं.

"ह्ये न्या," ती म्हणाली. "परवा भरलेलं हाय. स्वच्छ हाय."

"तुम्हाला काय राहील?"

"आमचं भागंल." मग म्हणाली, "माझं नाव सांगू नगा."

तिने स्वतः हंडा उचलून दोन्ही बादल्या भरल्या. एक थेंब सांडू दिला नाही. मी बादल्या घेऊन वस्तीच्या मागच्या बाजूने आले.

सून सासूच्या उशाशी बसली होती. बादल्यांकडे बघून तिने विचारलं, "कुठलं पानी?"

"मी आणलंय."

"कुठनं?"

"घरून," मी म्हणाले. "मारुंजीहून."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी गाडी दवाखान्यापासून मामाच्या पिकअपच्या मागे मागे आली होती, हे तिला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ती उठली, तिने बादलीत हात घालून पाहिला आणि पाणी कोमट करायला चुलीकडे नेलं. आंघोळ झाली. मी म्हातारीच्या पाठीवर पाणी ओतत होते. इतकं थोडं अंग होतं की एक बादली उरली.

दुपारी अंत्यविधी करून माणसं परतली तेव्हा पहिल्या पालापाशी ती पुन्हा उभी होती. मी एकटी असल्याचं बघून पुढे आली.

"त्या पान्यानं घातली आंघूळ?"

"घातली."

ती तिथंच खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तिला वाटलं असणार की पाणी कुणाचं हे माहीत असून त्यांनी ते घेतलं. मी तिचा समज दूर केला नाही.

त्या संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं, खाणीचं पाणी, थेंबांच्या बाटल्या, माझं गप्प राहणं.  ते म्हणाले, "तुम्ही बैठकीत बोललात ते बरोबरच होतं." मला त्यांच्याकडून ते ऐकायचं नव्हतं. आठवड्याच्या आत खाणीच्या बाजूला दुसरी टाकी बसली. सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या टाकीवर सुनेने जेमतेम दोन आठवडे पाणी भरलं. मुलीची परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागलीच होती. पाऊस सुरू व्हायच्या आधी ती आपली दोन बोचकी बांधून मुलीसह निघून गेली. मी एसटीपर्यंत सोडायला गेले होते. तिने माझा नंबर मुलीच्या वहीत लिहून घेतला. सासूबद्दल आम्ही काही बोललो नाही.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. ती गावी परतली होती. तिकडे यंदा पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आहे, मुलगी शाळेत जाते, माहेरच्यांनी एक शेळी दिली आहे, असं सगळं तिने सांगितलं. मग विचारलं, "ती आजून तिथंच हाय का?"

कोण ते मी विचारलं नाही. "आहे," म्हणाले. "नवरा गेला तिचा. ती मामांच्या खोल्या झाडते आता."

 

"ताई, तिचं घर जाळलं त्या दिशी म्या आमच्या दारात उभी होते," ती म्हणाली. "लोकांनी मला इचारलं होतं, वैनी, लावायचं का? म्या न्हाई म्हनले न्हाई. सासू आतून म्हनत होती, नगं गं, नगं. म्या आयकलं न्हाई."

 "तिला सांगू का काही?" मी विचारलं.

"नगा सांगू," ती म्हणाली. "तुमाला सांगितलं तेवढं बास."

मी आजही रविवारी घोटावड्याला जाते. पालं आता कमी झालीत. काम संपलं की मामाच्या खोल्यांच्या पायरीवर ती बाई मला बिनदुधाचा चहा करून देते आणि शेजारी बसते. गावाकडचं काही कळतं का, असं कधीतरी विचारते. पाऊस झाला म्हणतात, मी सांगते. ती मान हलवते. कप विसळून घेते, आणि पुन्हा झाडायला लागते.